हरणाचे पाय

माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे, हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी परंड्यात कळलं. तोवर मी दोन्ही कान घेऊन सुखानं जगत होते. बदली होऊन शाळेत रुजू व्हायचं होतं, फॉर्मला फोटो हवे होते, म्हणून स्टँडजवळच्या गल्लीतल्या एका स्टुडिओत शिरले. आतल्या गृहस्थांनी मला स्टुलावर बसवलं, चार पावलं मागं गेले, कॅमेऱ्यातून बघितलं, पुन्हा पुढं आले आणि डॉक्टर वाईट बातमी सांगतात तशा हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, तुमचा डावा कान मोठा हाय. म्या लहान करून देणार न्हाय. चालंल का?”

मी चालेल म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्याच बैठकीत त्यांची वरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं आणि पुढची सहा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही चाचा म्हणू लागले. मी शाळेत भूगोल शिकवायची. हे त्यांना कळलं तेव्हा ते जरा दचकले होते. का दचकले, ते मला पाच वर्षांनी समजलं.

चाचांचा धंद्यातला पहिला नियम असा, की जे आहे ते आहे. एका पोरानं भरतीच्या फॉर्मसाठी फोटो काढला आणि म्हणाला, “चाचा, जरा गोरा करा की.” चाचांनी त्याला आरशासमोर नेऊन उभं केलं. “फॉर्मवर गोरा आन मैदानावर काळा गेलास, तर तुला पळायला लावतील का त्या गोऱ्याला हुडकतील?” शेजारच्या दुकानात दोन मिनिटांत गोरं करून मिळायचं, त्यामुळं गिऱ्हाईक तिकडं जायचं. मग कुठल्या तरी खिडकीवर ‘ओळख पटत नाही’ म्हणून फॉर्म परत आला, की तेच गिऱ्हाईक खाली मान घालून चाचांच्या स्टुलावर येऊन बसायचं.

दुसरा नियम जास्त अवघड होता. इजाजत. समोरच्यानं ‘हं’ म्हटल्याशिवाय चाचा बटण दाबत नसत. “न सांगता फोटो काढणं आन दुसऱ्याच्या खिशात हात घालणं, येकच,” असं ते म्हणत. लग्नातल्या ग्रुप फोटोला ते स्टुलावर चढून मांडवभर ऐकू जाईल असं ओरडत, “ज्याला फोटोत यायचं न्हाय त्यानं आत्ताच बाजूला व्हा. मागनं तक्रार चालणार न्हाय.” त्यावर दर लग्नात एखादा रुसलेला जावई खरोखरच बाजूला होई आणि त्याची समजूत काढण्यात एक पंगत उठून जाई. परंड्याचा किल्ला बघायला लोक लांबून येतात, पण चाचांनी उभ्या जन्मात त्याचा एक फोटो काढला नाही. किल्ल्याच्या वतीनं हं कोण म्हणणार, हा त्यांचा प्रश्न होता.

एकदा एका घरी म्हातारा वारला. त्याचा धड एकही फोटो नव्हता, म्हणून उचलायच्या आधी काढून घ्या असं सांगायला माणूस आला. चाचा गेले, कॅमेरा लावला आणि पंधरा मिनिटं नुसते उभे राहिले. तिरडी बांधून लोक खोळंबलेले. शेवटी चाचांनी म्हातारीला विचारलं, “भाभी, इजाजत कुणाची घेऊ?” म्हातारी रडता रडता थांबली. म्हणाली, “साठ वर्सं माझ्या येका बोलण्याला हं म्हणले न्हायत. आता तुमाला काय म्हणत्यात? काढा.” त्या घरातल्या बायका त्या दिवशी तोंडाला पदर लावून का बसल्या होत्या, ते बाहेरच्या माणसांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणखी एक खोड होती. डिजिटल कॅमेरा आल्यावर त्याच्या मागच्या स्क्रीनवर त्यांनी काळी चिकटपट्टी मारून टाकली होती. काढल्या काढल्या फोटो बघायचा नाही. “भाकरी तव्यावर टाकली की लगीच उलथत असतेत का?” घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन मग कॉम्प्युटर लावायचा. त्यात डोळे मिटलेले निघाले तर गिऱ्हाइकाला पुन्हा बोलावायचं. गिऱ्हाईक चिडायचं. चाचा म्हणायचे, “हं तर तुम्हीच म्हणला होता.”

चाची बरोबर उलट. पूर्वी रिळाचा जमाना होता तेव्हा निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायचं काम तिच्याकडं असे. चाचा बाहेर गेले की ती पोरींच्या चेहऱ्यावरचे वांग, देवीचे व्रण, मुरमं घालवून टाकी. “तालुक्यातल्या निम्म्या पोरी माझ्या पेन्सिलीनं उजवल्यात,” असं ती मला अभिमानानं सांगायची. चाचांना पत्ता लागला की ते त्या दिवशी जेवायचे नाहीत. आपापसात दोघं दखनीत भांडत, मी असले की मराठीत. बहुतेक मला साक्षीला धरायचं म्हणून. पण एक गोष्ट चाची नेहमी कबूल करायची. “हा माणूस येडा हाय, हेकट हाय. पण खोटं बोलत न्हाय. निकाह झाल्यापासून येक खोटा शबद न्हाय.”

हे ऐकताना चाचा नेहमी कॅमेऱ्याची काच पुसायला घेत. मला वाटे, संकोचानं.

आता पडद्याबद्दल सांगायला हवं. स्टुलाच्या मागं भिंतभर एक रंगवलेला कापडी पडदा होता. लाल-नारिंगी पानांची झाडं, मधे निळंशार तळं, तळ्यावर लाकडी पूल, मागं बर्फाचा डोंगर आणि डाव्या कोपऱ्यात खाली एक हरीण. कुठल्या तरी थंड मुलखातल्या राखीव जंगलाचं ऐन पानगळीतलं चित्र. बार्शीच्या एका चिताऱ्यानं कॅलेंडर समोर ठेवून ते उतरवलं होतं. धाराशिवपासून परंड्यापर्यंतच्या किती जोडप्यांनी त्या तळ्याकाठी उभं राहून फोटो काढले असतील, त्याची गणती नाही. फक्त त्या हरणाला पाय नव्हते. पोटापासून खाली पडदाच संपत होता.

झालं होतं असं, की निकाहाच्या आधी चाचांनी पडदा करून घेतला आणि आणून बघतात तर खोलीला तो दीड हात लांब. वरून कापावा तर आभाळ जातं, आणि आभाळ नसलं तर उभ्या माणसाच्या डोक्यामागं काय राहणार? म्हणून त्यांनी खालून कापला. कापलेली पट्टी पाणी तापवायच्या चुलीत गेली. आठ दिवसांनी चाची नवरी म्हणून घरात आली. तिनं पहिल्याच दिवशी पडदा बघितला आणि विचारलं, हरणाचे पाय कुठंयत?

“आता बाई, नवी नवरी,” चाचा मला सांगत होते, “तिला काय सांगू, की तुझ्या नवऱ्याला खोली मोजता येत न्हाय? तोंडातनं निघून गेलं. म्हणलं, चितारी घाटातल्या जंगलात बसून समोर बघून काढत हुता. पायापर्यंत आला आन दिवस मावळला. पाय तिकडंच राहिलेत. येकदा नेऊन दाखवतो.”

हे त्यांनी मला सांगितलं ते जिन्यावर बसून, मी तिथं राहायला आल्याच्या पाचव्या वर्षी, भादव्यात. चाचीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. गेली काही वर्षं तिला सगळं धुरकट दिसायचं, आता पट्टी सुटली होती. पट्टी सुटल्यावर ती आधी स्टुडिओत आली, पडद्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “पाय अजून न्हायतच की.” मग चाचांकडं वळून म्हणाली, “दरसाली पुढच्या साली, पुढच्या साली. आता नजर हाय तवर चला. औंदा दिवाळीला मला ती जागा दाखवायची.”

“मग सांगून टाका ना चाचा खरं काय ते,” मी म्हणाले. “इतक्या वर्षांनी चाची काय रागावणार आहे?”

“रागावली तर सोसंल हो,” चाचा म्हणाले. “पण ती म्हणती ना, येक खोटा शबद न्हाय. त्याच्यावर तिनं समदा संसार काढला. माझ्यात दुसरं काय हाय?” मला त्यांचं फार वाईट वाटलं. आणि मी जन्मात केलेल्या मूर्खपणातला पहिल्या नंबरचा मूर्खपणा मग केला. म्हणाले, दसऱ्याच्या सुट्टीत आपण आधी दोघं जाऊन बघून येऊ. एखादी जागा मिळतीजुळती सापडेल.

घाटातलं ते अभयारण्य परंड्याहून लांब आहे. बार्शीला एसटी बदलून, पुढं फाट्यावर उतरून जीपनं जावं लागतं. चाचांनी बरोबर कॅमेरा, स्टँड, स्टूल, आरसा आणि कंगवा घेतला होता. आरसा-कंगवा कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, “गिऱ्हाइकाला आधी तोंड बघू द्यावं लागतं.”

पाऊस नुकताच संपला होता. गवत कमरेइतकं वाढून पिवळं पडायला लागलं होतं, सागाची पानं किड्यांनी जाळीदार केलेली, ओढ्यात घोटाभर पाणी आणि वर धुऊन वाळत घातल्यासारखं निळं आभाळ. मला तर तिथंच बसून राहावंसं वाटलं. चाचा मात्र खिशातून पडद्याचा पोस्टकार्डाएवढा फोटो काढून समोरच्या रानाशी ताडून बघत होते. “तळं न्हाय. पूल न्हाय. बर्फ तर न्हायच.”

“चाचा, ही झाडं आपल्या देशातलीच नाहीत,” मी सांगितलं. “आपल्याकडं पानगळ होते ती फाल्गुनात. आणि असा बर्फ...”

“बाई, भूगोल तुमच्याकडं हाय,” चाचा काकुळतीला येऊन म्हणाले. “जरा इकडं तिकडं सरकवता येत न्हाय का?”

गेटवरचा राखणदार आमच्याबरोबर वाट दाखवायला आला होता. काटक, दाढीचे खुंट वाढलेला, हातात कुऱ्हाड नसून छत्री असलेला माणूस. चाचांनी त्याला विचारलं, “हरणं हायत ना?”

“हायत की. पर आता खाली तुरीत असत्यात. जंगलात काय खात्यात? हितं निस्ती झोपाय येत्यात.”

तरी एका माळावर चाचांनी स्टँड लावला. कॅमेऱ्यात डोळा घातला, डोळा काढला, स्टुलावर चढले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून रानभर ऐकू जाईल असं ओरडले, “ज्याला फोटोत यायचं न्हाय त्यानं आत्ताच बाजूला व्हा. मागनं तक्रार चालणार न्हाय.”

गवतातून तितर भुर्रकन उडाले. दोन मोर टेकडीपलीकडं गेले. एक ससा कुठं होता तो मला पळतानाच दिसला. मिनिटभरात माळावर पाखरू उरलं नाही.

राखणदारानं छत्री टेकवली. “चाचा, असं वरडल्यावर कोण थांबंल?”

“जो थांबंल, त्याचाच काढायचा,” चाचा म्हणाले.

थांबला तो एकच. एक थोराड माकड. आम्ही भाकरी सोडली तेव्हा ते आलं, भाकरीकडं बघितलंही नाही, झाडाला टांगलेल्या आरशासमोर गेलं आणि बराच वेळ स्वतःला न्याहाळत राहिलं. मग स्टुलावर जाऊन बसलं. चाचा अदबीनं पुढं झाले, त्याच्या हनुवटीपासून हातभर अंतरावरून बोटानं खूण केली, “जरा वर.” माकडानं मान वर केली. चाचांनी विचारलं, “घेऊ?” माकडानं घशातून काहीतरी आवाज काढला. तो आवाज ‘हं’ असाच होता असं चाचांचं आजही म्हणणं आहे. दोन्ही कान दिसतायत, नजर समोर, असा तो फोटो निघाला. चाचांनी घरी येऊन त्याच्या पासपोर्ट साईजच्या आठ प्रती काढल्या, कारण एका शीटवर आठच बसतात, आणि पाकिटात घातल्या.

परतताना एसटीनं बार्शी सोडल्यावर त्यांनी खिशातून स्वतःचं जुनं मतदान कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. त्यावर काळ्याभोर केसांचा एक तरणा माणूस होता. “हा म्या हाय का?”

“आहे की. तरुणपणीचा.”

“न्हाय. कुठल्या अंगानं म्या वाटतो? तरी सरकार मानतं.” त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. “माणूस इतका बदलतो, तर जागा बदलत न्हाय का? तळं आटंल, झाडं जातील. तीच जागा, पण म्हातारी झाली. असं म्हणलं तर?”

मी म्हणाले, “चाचा, हे खोटंच झालं.” कार्ड खिशात ठेवायचं राहून गेलं आणि हातातच घेऊन ते परंड्यापर्यंत आले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो. या वेळी सरळ जीप केली होती, कारण जीपच्या टपावर बांबूला गुंडाळून पडदा बांधलेला होता. चाचांचं म्हणणं, ताडून बघायला असू दे. चाचीनं हिरवी रेशमी साडी नेसली होती, डोळ्याला काळा चष्मा. डब्यात उकडलेली अंडी, भाकरी आणि शेंगाचटणी. वाटेत तिनं मला तीन वेळा सांगितलं, की लग्नानंतर ही तिची पहिली सहल. चाचा ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि तब्येत बरी नसलेल्या माणसासारखे पाण्याचे घोट घेत होते.

गेटवर उतरल्या उतरल्या चाचा आधी माकडाच्या शोधात गेले. “गिऱ्हाइकाचे फोटो दुकानात ठेवून घेत न्हाय,” एवढंच म्हणाले. एक माकड आलं. ते तेच होतं की नाही, मी सांगू शकत नाही. त्यानं पाकीट फाडलं, एक फोटो हुंगला, एक खाल्ला, बाकीचे ओढ्यात टाकले. “त्याचा माल, तो काय बी करंल,” चाचा म्हणाले आणि मोकळे झाले.

मग तो माळ आला. गवत आता कापून नेलेलं होतं, खुंट तेवढे राहिले होते. चाचांनी आणि राखणदारानं दोन झाडांना दोर बांधून पडदा लावला. जंगलात जंगलाचा पडदा. त्याच्या कडेनं खरं रान दिसत होतं, मळकट पिवळं, आणि मधे ते लालभडक तळ्याकाठचं. चाचीनं काळा चष्मा काढला. एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा रानाकडं. पेन्सिल चालवणाऱ्या बाईची ती नजर.

“हीच जागा?”

“हीच,” चाचा म्हणाले.

“तळं कुठाय?”

“आटलं.”

“लाल झाडं?”

“म्हातारी झाली. गेली.”

“पूल?”

चाचा अडकले. राखणदाराला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं, पण माणूस चांगला. तो पटकन म्हणाला, “पूल पुरात गेला जी.”

चाची त्याच्याकडं वळली. “तुमी किती वर्सं झाली हितं?”

“दहा.”

“मग तुमी पूल कवा बघितला?”

राखणदारानं छत्री उघडली आणि पुन्हा मिटली. चाची परत चाचांकडं वळली. आवाज अजिबात चढवला नाही. “आन पाय? पाय हितं राहिलेत म्हणला हुता. कुठायत?”

चाचा स्टुलावर बसले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ते बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते. “अगं, ऐक,” ते म्हणाले. “त्या वक्ताला म्या...”

“आधी फोटो काढा,” चाची म्हणाली. “ऊन चाललंय.”

तिनं त्यांना उठवलं, स्वतः स्टुलावर बसली, पदर सारखा केला. चाचांनी स्टँड लावला. कॅमेऱ्यामागून त्यांनी मान वर केली आणि ओरडले, पण नेहमीचा जोर नव्हता, “ज्याला फोटोत यायचं न्हाय... त्यानं बाजूला व्हा.” मग बायकोला विचारलं, “घेऊ?” चाची खूप वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. शेवटी म्हणाली, “हं.” आम्हा सगळ्यांच्या नजरा तिच्या तोंडावर होत्या. पडद्यामागं थोडं खसखसलं. राखणदार म्हणाला, वारं सुटलं.

परतीच्या वाटेवर चाची चाचांशी एक शब्द बोलली नाही. अंडी तशीच राहिली. बार्शीजवळ तिनं माझा हात धरला आणि पुढच्या सीटवर ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, “बाई, या माणसाचं मला काय काय पटलं न्हाय. पण येक गोष्ट म्या पक्की धरली हुती.” मग तिनं काळा चष्मा पुन्हा घातला. चाचांची पाठ मला दिसत होती. ऐकू गेलं नसेल, असं मी मनाला समजावत राहिले.

घरी आल्यावर चाचांनी हातपाय धुतले, पण चहा घेतला नाही. कॉम्प्युटर लावला. चाचीही येऊन बसली, फोटो उघडताना शेजारी बसायची तिची जुनी सवय होती, रागात असली तरी. मी दाराशी उभी होते. चाचा म्हणाले, “हे बघायच्या आधी तुला येक सांगायचंय. लग्नात तुला म्या जे...” तोवर फोटो उघडला.

चाची स्टुलावर, हिरवी साडी, गंभीर तोंड. मागं लाल झाडं, तळं, पूल. पडदा जमिनीपासून दीड-दोन हात वर होता, त्याच्याखाली कापलेल्या गवताचे खुंट दिसत होते. आणि डाव्या बाजूला, बिनपायाच्या हरणाच्या खाली, त्या मोकळ्या जागेत चार पाय उभे होते. बारीक, काटकुळे, खाली काळे खूर. एक पाय जरासा उचललेला.

चाचीनं काल-परवा मिळालेला डोळा स्क्रीनला चिकटवला. मी पुढं झाले. चाचांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

“पाय हायत,” चाची म्हणाली.

ती बोट स्क्रीनवर ठेवून मोजत होती. “येक, दोन, तीन, चार. वीतभर डावीकडं सरकलेत.” मग स्वतःच म्हणाली, “इतकी वर्सं उभं राहायचं म्हणजे सरकणारच.”

चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. “म्या विचारलं हुतं,” ते मला म्हणाले, जणू मीच हरकत घेतली होती. “बाजूला व्हा म्हणलं हुतं. तो थांबला.”

चाची माझ्याकडं वळली. “बाई, तुमी भूगोलाच्या. खरं सांगा. पाय ह्याच हरणाचे ना?”

पंधरा वर्षं मी मुलांना सांगत आले, की कुठला प्राणी कुठल्या हवामानात राहतो. पडद्यावरचं हरीण बर्फातलं, अंगानं जाड, फताड्या शिंगांचं. पाय आमच्या माळावरच्या एका सडपातळ हरणाचे, जे तुरीचा पाला खाऊन झोपायला आलं असताना पडद्यामागं घटकाभर थबकलं होतं. दोघांत एका आख्ख्या खंडाचं अंतर होतं. चाचा माझ्याकडं बघत होते.

“त्याचेच,” मी म्हणाले. भूगोल सरकतो. मला माहीत नव्हतं, एवढंच.

चाची उठली आणि चहा टाकायला गेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. चाचांनी फोटोच्या आठ प्रती काढल्या. चार स्वतःच्या बाजूला ठेवल्या आणि चार नव्या पाकिटात घातल्या. पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायची पद्धत, म्हणून पेन उचललं. मग काही न लिहिता पाकीट काउंटरवरच्या पेटीत, ‘तयार’ लिहिलेल्या कप्प्यात उभं करून ठेवलं.

चहाचे कप घेऊन आलेल्या चाचीनं ते बघितलं. “ह्ये कुणाचं?”

“त्याचं,” चाचा म्हणाले.

“मग कवा द्यायचं?”

चाचांच्या तोंडात सवयीचं उत्तर येऊन थांबलं. त्यांनी भीत भीत तिच्याकडं बघितलं. “पुढच्या साली जाऊ.”

“घाई न्हाय,” चाची म्हणाली आणि कप त्यांच्यापुढं ठेवला. “हाय तो तिथंच.”